बॉबकाकांच्या हातातला नारळ

मंडळी, आत्ताच आपल्या मराठी मंडळाच्या हॅरोच्या हॉलमधून घरी आले. भांडी पडलीत, पण आधी हे सांगते.

आपल्या सुनंदाताईंचे मिस्टर, बॉबकाका. अमेरिकेत बेसबॉल खेळून पोट भरलं त्यांनी, चेंडू टाकण्यात नाव होतं. आता सगळं विसरत चाललेत. थोडंफार कळतंय तोवर आपल्या माणसांत सत्कार व्हावा, एवढीच ताईंची इच्छा.

आज तो सत्कार होता, पण मंडळाचे सेक्रेटरी माइक सोडेनात. काका पेंगायला लागले. मी किचनमधून ओरडले, "अहो भाऊ, भाषण पुरे! शाल घाला!"

शाल घातली तरी काका पेंगतच होते. मग हातात नारळ दिला. बोटं आपोआप त्याच्यावर बसली, पाठ ताठ झाली. नारळ छातीशी धरून समोर बघत राहिले. आता फेकतात की काय म्हणून पुढच्या रांगेतले घाबरून उठले.

ताई म्हणाल्या, "अगं, झेलणारा शोधतायत ते."

मग काय, ॲप्रन पसरून मीच समोर उकिडवी बसले. काकांनी अलगद टाकला. मी झेलला. काय हसले हो ते! ताई रडल्या.

इतकी वर्षं हा माणूस आपल्या गणपतीत खुर्च्या मांडत होता. तेव्हा त्याला सगळं आठवत होतं. तेव्हा त्याच्या खेळाबद्दल का नाही विचारलं आपण कुणी?