ब्रेकला पाय न लावता

"ब्रेक नहीं! ट्रॅक पे कोई ब्रेक नहीं मारेगा, कोई रुकेगा नहीं!" निळ्या टोपीतला गाईड भोंग्यावरून ओरडत होता आणि आमच्या काकाच्या डोळ्यांत पाणी आलं. उभ्या हयातीत त्याला असा हुकूम कुणी दिला नव्हता. आजवर माणसं त्याच्यावर ओरडली ती उलट्याच गोष्टीसाठी. थांब रे, माझी टोपली राहिली, माझं पोर राहिलं, माझी सासू राहिली. बरं, सासू राहू दे, चल.

मोटारींच्या शर्यतीचं ते मैदान दिल्लीच्या पलीकडं होतं. साल दोन हजार सतरा, थंडीचे दिवस. काका, काकी आणि मी, आम्ही तिघं डहाणूहून काकाच्या जीपमधून तिथवर गेलो होतो. हे सांगितलं की ऐकणारा आधी माझ्याकडं बघतो, मग हसतो. ज्यांनी ती जीप पाहिली होती ते हसत नाहीत, हात जोडतात.

डहाणू स्टेशन ते चारोटी, मधे गंजाड, रानशेत, अशी काकाची जीप सीट, म्हणजे उतारू, भरून चालायची. ती सुरू झाली की गंजाडच्या कोंबड्या अंडी द्यायच्या थांबायच्या आणि बंद पडली की आनंदानं दोन-दोन द्यायच्या. कंपनीनं ती नऊ माणसांसाठी बनवली होती. काकानं कंपनीचा तो गैरसमज पहिल्याच आठवड्यात दूर केला. एकदा मी तिच्यात अख्खी वरात, एक बोकड आणि सुक्या मासळीच्या चार टोपल्या बघितल्यात. नवरा टपावर होता, पण खूश होता.

काकाचा नियम एकच. रस्त्याकडेला कुणी हात दाखवला की थांबायचं. गाडी खच्चून भरली असो, उतार असो, मागं ट्रक भोंगा फुंकत असो. कारण दुपारनंतर त्या रस्त्याला दुसरी गाडी येईलच असं नसायचं, आणि मग पाड्यावरची बाई डोक्यावर बाजार घेऊन अंधारात चालत जाणार. त्यामुळं डहाणू ते चारोटी हा प्रवास म्हणजे चालणं कमी आणि थांबणं जास्त. ब्रेकचं पायडल इतकं घासून चकचकीत झालं होतं की काकी त्यात बघून कुंकू लावायची.

आणि अशा माणसाची इच्छा काय, तर एकदा, एकदाच, ब्रेकला पाय न लावता रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवायचा. काकीचं माहेर तलासरीचं. तिकडं गेलो की काका हायवेला चहाच्या टपरीवर बसायचा आणि गुजरातकडं जाणारे ट्रक बघत राहायचा, दुसऱ्याच्या वाडीतले चिकू बघावेत तसा.

"बघ कसे जातात," तो मला म्हणायचा. "त्यांना कुणी हात नाही दाखवत."

त्या वर्षी जीपची मुदत संपत आली होती आणि काकाच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता. गाडी आणि ड्रायव्हर एकदमच भंगारात, असं तोच हसून सांगायचा. हसायचा खरा, पण जीप पुसताना फडकं एकाच जागी फिरवत राहायचा. अशात मला मोबाईलवर दिसलं की त्या मैदानावर एक दिवस लोकांना आत फिरवून सगळं दाखवतात आणि शेवटी आपापल्या गाडीतून हळू वेगानं एक चक्कर मारू देतात. मी काकाला सांगितलं.

"समोरून कुणी येत नाही?"

"नाही."

"गुरं?"

"नाहीत."

"खड्डे? गतिरोधक?"

"काहीच नाही."

"मग त्याला रस्ता कशाला म्हणतात?" काकी आतून म्हणाली. पण तांदळाच्या भाकऱ्या तिनंच बांधल्या.

वाटेचं फार सांगत नाही, तुम्ही मला खोटारडा म्हणाल. राजस्थानात एका उंटानं आम्हाला ओव्हरटेक केलं एवढंच सांगतो. तो पुढं जाऊन मागं वळून हसला, हे काकीनंही बघितलंय.

मैदानात गाईडनं आम्हाला आधी पायी फिरवलं. बसायच्या पायऱ्या अशा की अख्खा डहाणू तालुका बसवला तरी निम्म्या रिकाम्या राहतील. मग गाड्यांची चाकं बदलायची जागा दाखवली. इथं चारही चाकं डोळ्याचं पातं लवायच्या आत बदलतात, असं तो म्हणाला.

"मग चहा कधी पितात?" काकानं विचारलं.

काकीनं वाकून डांबरावर तळहात ठेवला. हात फिरवून फिरवून बघितला. "भात वाळत घालायला काय जागा आहे," ती म्हणाली. "खडा नाही हो एकसुद्धा."

आणि मग ती चक्कर. सगळ्यांत पुढं गाईडची गाडी, मागं दिल्लीकडच्या लोकांच्या गुळगुळीत मोटारी, त्यांच्यात आमची जीप. कपाळावर झेंडूचा सुकलेला हार आणि काचेवर लाल अक्षरांत 'डहाणू–चारोटी'. काकानं चपला काढून ठेवल्या. उजवा पाय ॲक्सिलरेटरवर ठेवला. पहिलं वळण आलं, त्यानं गाडी नुसती अलगद वळवली. दुसरं आलं, गेलं. जीप खडखडायची बंद झाली होती. देवाशप्पथ सांगतो, तिचा आवाजच येईना. काकी समोर बघत होती आणि काकाचा चेहरा असा झाला होता की मी मागं बसून आरशात तोच बघत राहिलो. पुढं लांबच लांब सरळ पट्टी दिसत होती, मोकळी, उन्हात चमकणारी.

तिसऱ्या वळणावर कडेला झेंडा घेतलेला एक माणूस उभा होता. गाड्यांवर लक्ष ठेवणारा. त्याला आमची जीप बघून गंमत वाटली असावी. हसून त्यानं मोकळा हात वर केला.

जीप थांबली.

काकाचा हात मागं गेला होता दाराकडं. "या, बसा," तो म्हणाला. काकी आत सरकली. आणि मी? मी पाय आखडून मांडीवरची पिशवी बाजूला घेतली होती, त्याला जागा करायला.

तो माणूस झेंडा धरून बघतच राहिला. मागच्या मोटारींचे हॉर्न सुरू झाले. भोंग्यावरून गाईड बोंबलत होता, "जीपवाले अंकल, चलो, चलो!" गडबडीत इंजिन बंद पडलं ते पडलंच. शेवटी एक ट्रॅक्टर आला आणि त्यानं आम्हाला बाजूच्या फाटकातून बाहेर काढलं. काकानं हात जोडून विचारलं, पुन्हा एकदा चक्कर मारू का. गाईड माणूस चांगला होता, पण त्यानं नाही म्हणून मान हलवली. काका फाटकाच्या जाळीला बोटं अडकवून ती सरळ पट्टी बघत उभा राहिला. काकीनं त्याच्या चपला आणून पायांशी ठेवल्या.

उन्हाळ्यात जीप वापीच्या भंगारवाल्याकडं गेली. काकाचं डोळ्याचं ऑपरेशन झालं, पण स्टिअरिंग त्यानं पुन्हा धरलं नाही. आता मी गंजाडच्या नाक्यावर दुपारचा उभा असतो तेव्हा माझ्या वर केलेल्या हातासमोरून भरलेल्या, अर्ध्या भरलेल्या, रिकाम्यासुद्धा गाड्या निघून जातात. ब्रेकला पाय न लावता. मी वळणाकडं कान देऊन उभा राहतो. कोंबड्या मजेत चरत असतात.

जीप कशीबशी सुरू करून दिल्लीकडून परतलो, तेव्हाचं सांगायचं राहिलं. तलासरीला आलो, काका नेहमीच्या टपरीवर बसला. ट्रक जात होते. काकीनं बशी त्याच्यापुढं सरकवली.

"अहो, एवढ्या लांब गेलात. तो काय सीट होता का? हातात झेंडा होता त्याच्या. थांबलात कशापायी?"

काकानं चहा संपवला, बशी पालथी घातली.

"हात दाखवला त्यानं."