शेवंतीबाईंची एकशेआठ मण्यांची शाळा

मुलुंडला आमच्या दत्तमंदिराच्या मागे ट्रस्टची प्राथमिक शाळा होती. रंगभूमी सोडल्यावर मी दर गुरुवारी तिथे मुलांना पाठांतर शिकवायला जायचो. आयुष्यभर राजे केले, खलनायक केले, पण इतका दिलखुलास प्रेक्षक मला कुठल्याच नाट्यगृहात भेटला नाही. आणि त्या शाळेची नायिका होती चौथीची शिक्षिका, शेवंती परब.

शेवंती मालवणकडची. वडील गिरणीत होते, ब्याऐंशीच्या संपानंतर घरी बसले. घर तिच्या पगारावर चालायचं आणि नोकरी मात्र तात्पुरती. तिला कायम करायचं की निरोप द्यायचा, हे ट्रस्ट पुढच्या मार्चमध्ये ठरवणार होता.

चौथीचे सगळे विषय तीच शिकवायची, तेही देवळातल्या वस्तू घेऊन. भूगोलाला नकाशावर गाणगापूर दाखवायची आणि वाटेतल्या नद्या मुलांकडून वदवून घ्यायची. विज्ञानाला निरांजनावर काचेचा पेला पालथा घालायची, ज्योत विझली की विचारायची, "सांगा रे, आत काय संपलं?" आणि गणिताला जपाची माळ! पुजाऱ्यांकडून जुन्या, झिजलेल्या माळा मागून आणल्या होत्या. एकशेआठ मणी पाटावर मांडायचे, खडूने खुणा करायच्या. दोन, तीन, चार, सहा, नऊ, बारा, सगळ्यांनी बिनबोभाट भाग जातो. पोरांना भागाकार म्हणजे खेळच वाटायचा.

हे ट्रस्टचे अध्यक्ष श्यामकांतराव यांच्या कानावर गेलं. सत्तरीचे गृहस्थ, रोज अकरा माळा जप करणारे. मार्चमधल्या एका गुरुवारी ते थेट वर्गात येऊन उभे राहिले. मी मागच्या बाकावर होतो.

"बाई, माळ जपाला असते. तुम्ही तिची पाटी केलीत म्हणे?"

"एकदा बघा तरी ना, काका. मग काय ते ठरवा." शेवंती मागे सरली नाही.

अध्यक्ष आलेत म्हणून पुजाऱ्यांनी मुद्दाम गाभाऱ्यातली नवी कोरी माळ काढून दिली. सहदेव नावाच्या चुणचुणीत पोराने ती पाटावर पसरली.

"कर चार भाग," श्यामकांतराव म्हणाले.

सहदेवने मोजलं. परत मोजलं. "चारी भागांत सत्तावीस... बाई, एक उरला!"

"देवाच्या माळेत बाकी?" श्यामकांतरावांनी भुवया उंचावल्या.

शेवंतीचा चेहरा पडला. भर प्रयोगात संवाद विसरलेल्या नटाचा चेहरा मी चांगला ओळखतो. विंगेतून सांगावं, तर ते वाक्य मलाही ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात पुढच्या रांगेतली मीरा उसळली. "ए शहाण्या, तू मेरुमणी मोजलास! तो गोंड्याजवळचा मोठा. तो मोजायचा नसतो, ओलांडायचापण नसतो. माझी आजी तिथून परत फिरते."

जुन्या माळांचे गोंडे आणि मेरुमणी कधीच गळून गेले होते. त्यामुळे वर्गात हा प्रश्न आलाच नव्हता.

श्यामकांतरावांच्या मिशीत हसू फुटलं. "आजी किती माळा ओढते गं?"

"पाच."

"मी अकरा. म्हणजे अकराशे."

पाट्यांवर पेन्सिली कुरकुरल्या. "अकराशे अठ्ठ्याऐंशी!" सहदेव ओरडला. "आजोबा, तुमचे रोजचे अठ्ठ्याऐंशी बुडतात!"

वर्ग खदखदला. म्हातारा रागावेल असं वाटलं, पण तो चक्क पोरांशेजारी सतरंजीवर बसला.

"बुडत नाहीत रे. माळ एकशेआठची, पण धरायची शंभर. वरचे आठ चुकल्यामाकल्याचे. मन भरकटतं, बोट घसरतं. देवाला हे माहीत असतं." मग त्यांनी शेवंतीकडे पाहिलं. "बाई, तुमचा आजचा मणी त्या आठांतच धरू."

पुढच्या आठवड्यात तिला कायम केल्याचं पत्र मिळालं. शाळाभर मालवणी खाजं वाटलं तिने. "बाबा काय म्हणाले?" मी विचारलं. "काय नाय. पत्र तीनदा वाचून घेतलं माझ्याकडनं."

श्यामकांतराव मात्र त्यानंतर दर गुरुवारी गणिताच्या तासाला येऊन बसू लागले आणि तो तास लांबून माझ्या पाठांतरावर येऊ लागला. एकदा दारातून मी घड्याळ दाखवलं, तर मलाच दटावलं, "थांब रे जरा, अपूर्णांक चाललेत."