लाल पेटीपासून घरापर्यंत

आमचा शेजारी वाउटर कुणाबरोबर चालायला निघाला, की आधी वारा कुठून येतो ते बघतो आणि स्वतः त्या बाजूला होतो. इंग्लंडमधल्या आमच्या स्लाऊच्या बोचऱ्या वाऱ्यात माझ्यासारख्या म्हाताऱ्याला तो आडोसा बरा वाटतो. ही सवय त्याच्या नोकरीतली. हॉलंडचा हा उंच, अबोल माणूस बारा वर्षं व्यावसायिक सायकलपटू होता आणि एकही शर्यत जिंकला नाही. जिंकणं त्याचं कामच नव्हतं. संघाच्या म्होरक्यापुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, मागच्या मोटारीतून पाण्याच्या बाटल्या आणून द्यायच्या, वेळ पडली तर आपलं चाक काढून त्याला द्यायचं. या कामाला फ्रेंचमध्ये जो शब्द आहे त्याचा अर्थ घरगडी.

"काका, माझं नशीब बघा," त्याची बायको रेखा म्हणायची. "नवरा घरगडी मिळाला, तोही दुसऱ्याच्या घरचा!" ती नागपूरची, जीभ तिखट. "तिकडे सगळ्यांना जिंकवतो, आणि कॅरमला बसला की मला एकदाही राणी सोडत नाही."

रेखाचा आजार हाताबाहेर गेला, तेव्हा वाउटरची शेवटची शर्यत तोंडावर आली होती. ब्रिटनमधलीच, कित्येक दिवस चालणारी. तो जाणार नव्हता. तिनेच पाठवलं, कारण एक दिवस ती शर्यत आमच्या रस्त्यावरून जाणार होती. सायकलवाल्यांत एक रीत आहे. कुणाचं घर वाटेत आलं, की बाकीचे जरा दमाने घेतात आणि त्याला पुढे जाऊ देतात. तो घरच्यांना भेटतो, मग पुन्हा घोळक्यात मिसळतो. इतक्या वर्षांत वाउटरचं घर कधी वाटेत आलं नव्हतं.

"मी दारात असेन," रेखा म्हणाली. "थांबायचं हं, वाउटर."

त्या सकाळी त्यांच्या मुलीने, दियाने, आईला शालीत गुंडाळून फुटपाथवर खुर्चीत बसवलं. रेखाच्या हातात त्याच्यासाठी बेसनाचा लाडू. वळणावर वाउटर एकटाच दिसला.

"आला! आई, बाबा आला!"

आणि पोस्टाच्या लाल पेटीपाशी तो अचानक थांबला. मागे म्होरक्याचं चाक पंक्चर झालं होतं, कानातल्या रेडिओवर हुकूम आला होता. म्होरक्या आला, वाउटरचं पुढचं चाक घेऊन गेला. सगळा घोळका आमच्यासमोरून निघून गेला. वाउटर एका चाकाची सायकल धरून संघाच्या मोटारीची वाट बघत उभा राहिला. हाकेच्या अंतरावर.

"बाबा का नाही येत? तिथेच का उभा आहे?" दिया रडकुंडीला आली.

"चाक येऊ दे," रेखा म्हणाली. "मग येईल."

चाक आलं. तोवर घोळका लांब गेला होता. वाउटर मान खाली घालून भरधाव आमच्यापुढून गेला, फक्त एक हात वर झाला. रेखानेही लाडवाचा हात वर केला. तो तिने बराच वेळ खाली घेतला नाही.

"भारीच कामसू आहे मेला," एवढंच म्हणाली.

शर्यत संपायच्या आत ती गेली.

पुढे एकदा माझ्या बाजूने वारा अडवत चालताना वाउटर मध्येच इंग्रजीत म्हणाला, "काका, सायकल तिथेच टाकून मी चालत येऊ शकलो असतो. मला सुचलंच नाही."

हल्ली तो ट्रेडिंग इस्टेट या इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गोदामात काम करतो, सायकलनेच जातो. संध्याकाळी परतताना लाल पेटीपाशी उतरतो आणि तिथून घरापर्यंत सायकल हातात धरून चालत येतो.