रिकाम्या पाटांवरचं लग्न

"भाऊ, पाट मांड. वेळ होऊन राहिली." लग्नं लावणाऱ्या आमच्या महाराजांच्या तोंडून हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की आजही कुठल्या मांडवात शिरलो की नजर आधी पाटांकडे जाते.

पवनीत माझं बिछायत केंद्र आहे. मंडप, खुर्च्या, गाद्या, माईक, सगळं भाड्याने देतो. लग्नघरी सगळ्यांच्या आधी मी पोहोचायला हवा. पण माझा टेम्पो वळणावर आला की धोतर नेसलेले, हातात कापडी पिशवी घेतलेले महाराज आधीच उभे दिसायचे. "आलास," एवढंच म्हणायचे, आणि मलाच उशीर झाल्यासारखं वाटायचं. पहिली खुर्ची त्यांच्यासाठी उतरवायची, हा रिवाजच पडून गेला होता.

त्या पिशवीत काय नव्हतं ते विचारा. जादा अंतरपाट, काळ्या मण्यांची पोत, सुईदोरा, सेफ्टी पिना, घरूनच कालवून आणलेल्या अक्षता. आंबागडच्या एका लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या आधी नवरदेवाच्या पायजम्याची नाडी तुटली. नवरदेव शेरवानी धरून उभा, करवल्या तोंडात पदर कोंबून हसताहेत. महाराजांनी मंत्र न थांबवता पिशवीतून नवी नाडी काढून दिली. मी नंतर पोट धरून हसलो. ते हसले नाहीत. "ठेवावं लागते," म्हणाले.

हल्लीच्या लग्नांना तुम्हीही जातच असाल. पत्रिकेवर मुहूर्त छापलेला असतो आणि मुहूर्ताला वरात चौकात नाचत असते. पाहुणे मोबाईल बघत बसतात. कुणाला त्याचं काही वाटत नाही. खरं सांगायचं तर मलाही वाटत नसे.

महाराजांना वाटायचं. वेळ झाली की मी दोन पाट समोरासमोर मांडायचे, त्यांनी दोन्हींवर एकेक सुपारी ठेवायची. अंतरपाटाचं एक टोक माझ्या हाती, दुसरं त्यांच्या. नवरदेव चौकात, नवरी पार्लरमध्ये, आणि रिकाम्या मांडवात महाराज हलक्या आवाजात मंगलाष्टकं म्हणायचे. अक्षता टाकणारे आम्ही दोघंच. मग दोन्ही सुपाऱ्या माझ्या हातावर ठेवून नवरीच्या ओटीत टाकायला सांगायचे. मी त्या गुपचूप ओटीच्या ताटात सोडून द्यायचो.

"लागलं," ते म्हणायचे. "आता ते येतील तवा येतील."

पुढे वाजतगाजत तेच लग्न दुसऱ्यांदा लागायचं. महाराज तेही तेवढ्याच नेटाने लावायचे. व्हिडिओत अर्थात दुसरंच यायचं. महाराज, पहिल्या लग्नाचे फोटो कधी मिळतील, म्हणून मी त्यांना चिडवायचो.

एकदा वरातीला फारच उशीर झाला, तेव्हा मी विचारलंच, हे काहून करता म्हणून. पिशवीचे बंद चाळवत त्यांनी सांगितलं. त्यांची स्वतःची वरात ट्रकमधून निघाली होती. वाटेत ट्रक नाल्यात फसला आणि मुहूर्त टळला. लग्न मागाहून लागलं. बायको दोन पावसाळे राहिली आणि तापाने गेली. लेकरू नव्हतं. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही.

"त्यानंच झालं असं मी म्हनत नाही," ते म्हणाले. "पन मानूस इचार करत राह्यते, भाऊ. जन्मभर. दुसऱ्या कोनाले तो इचार नको."

त्यानंतर मी चिडवणं सोडलं. वैनगंगेकडे जाणाऱ्या गल्लीत त्यांची एक खोली होती. लग्नसराई संपली की ते ओट्यावर एकटे बसलेले दिसायचे. पावसाचे चार महिने त्यांची कुणालाच आठवण होत नसे. लग्नघरी ते इतक्या लवकर येत ते नुसतं मुहूर्तासाठी नव्हे, असं मला वाटतं. तिथे माणसं येणार असत.

माझ्या मुलीचा मुहूर्त त्यांनीच काढला, आणि लग्नाच्या आठवड्यातच त्यांना भंडाऱ्याच्या दवाखान्यात भरती करावं लागलं. छातीत पाणी झालं होतं. मी भेटायला गेलो तर तब्येतीचं एक अक्षर नाही. वरात कुठून येणार, एवढंच विचारलं. बपेऱ्याहून, म्हटल्यावर डोळे मिटून घेतले. "लांब हाय," म्हणाले. मग खोलीतली पिशवी आणून द्यायला सांगितलं. आपली वस्तू जवळ हवी असेल, असं समजून मी ती त्यांच्या उशाशी नेऊन ठेवली.

वरातीला उशीर झालाच. दुपारच्या मुहूर्ताला पाट मांडलेले होते, मीही तिथेच होतो. पण नवरीचा बाप मोकळा कुठला? कुणी हात धरत होतं, कुणी जेवणाचं विचारत होतं. नवे महाराज फोनवर बोलत होते. मी पाटांकडे नुसता बघत राहिलो आणि वेळ निघून गेली. लोकांच्या पोरींची इतकी लग्नं वेळेवर लावली आणि माझ्याच पोरीचं राहिलं, हे मनात रुतून बसलं. पाठवणीला सगळे रडले. मी जास्तच रडलो.

दुसऱ्या दिवशी बुंदीचा पुडा घेऊन दवाखान्यात गेलो. वेळेवर लागलं, असंच त्यांना सांगायचं ठरवलं होतं. खाटेवरची गादी गुंडाळून ठेवलेली होती. आज पहाटेच गेले, असं नर्सबाईंनी सांगितलं. त्यांचं कुणी आहे का, असंही विचारलं. मी आहे, म्हणालो.

शेजारच्या खाटेवर पाय प्लास्टरमध्ये असलेले एक म्हातारबा होते. त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं.

"पवनीचे मंडपवाले तुमीच का?"

मी मान हलवली.

"काल दुपारी मले कापडाचं टोक धराले लावलं त्याईनं. दम लागून राहिला होता, तरी सारं म्हनलं. तांदूळ फेकले. मी इचारलं, महाराज, लगन कोनाचं? तं म्हने, माह्या पोरीचं."

उशीखालून त्यांनी कुंकू लागलेल्या दोन सुपाऱ्या काढल्या आणि माझ्या हातावर ठेवल्या. पोरीच्या ओटीत टाकायला सांगितलंय, म्हणाले.

खाटेखाली पिवळ्या अक्षता अजून तशाच पडल्या होत्या. पुडा सोडून मी म्हातारबांच्या ओंजळीत बुंदी घातली. माझ्या पोरीच्या वेळेवर लागलेल्या लग्नाला तेवढे एकच पाहुणे आले होते.