पुळणीच्या बाजूस

कुमुदिनीबाई रेडकर एकतीस वर्षं दिल्लीत सरकारी अनुवादक होत्या, आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या टेबलावर मराठीचा एकही कागद कधी आला नव्हता. त्यांचं काम इंग्रजीचं हिंदी करायचं आणि हिंदीचं इंग्रजी. संसदेतल्या प्रश्नांची उत्तरं, वार्षिक अहवाल, निविदांच्या अटी, झालंच तर लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद असल्याची सूचना. जन्म वेंगुर्ल्याचा. सत्ताविसाव्या वर्षी परीक्षा देऊन नोकरी लागली ती थेट दिल्लीत, आणि मग लक्ष्मीबाई नगरातल्या क्वार्टरमध्ये संसार असा काही रुजला की गावाकडे जाणं लग्नकार्यापुरतं उरलं. यजमान राजाभाऊ सोलापूरचे, लेखा विभागातून नुकतेच निवृत्त झालेले. आयएनए मार्केटातून सुरमई आणली की ती ताजी आहे की नाही यावर ते ठामपणे मत द्यायचे आणि ते हमखास चुकायचं.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी अवर सचिव भारद्वाज एक फाइल घेऊन स्वतः त्यांच्या खोलीत आले. असं सहसा होत नसे. मॅडम, हे तुमच्या भाषेतलं आहे, म्हणाले. कोकणात सोनवेळ नावाचं गाव आहे. तिथला समुद्राकडचा रस्ता साडेपाच मीटर रुंद आहे, तो नऊ मीटर करायला तिथल्या नगरपंचायतीने ठराव करून मंजुरी दिली आहे, आणि पैसे आपल्या किनारी पर्यटनाच्या निधीतून जायचे आहेत. मूळ ठराव मराठीत. आराखडा करणाऱ्या कंपनीने त्याचा इंग्रजी अनुवाद जोडलाच आहे. दोन्ही जुळतात एवढं लिहून खाली सही-शिक्का द्या, शुक्रवारी समितीची बैठक आहे.

कुमुदिनीबाईंना फार बरं वाटलं. त्यांनी चहा मागवला, खुर्ची खिडकीकडे वळवली आणि सात पानी ठराव एखादं मासिक वाचावं तसा वाचायला घेतला. 'सूचक', 'अनुमोदक', 'सर्वानुमते नव्हे, बहुमताने मंजूर'. प्रत्येक शब्द ओळखीचा, जणू माहेरची माणसं एकेक करून भेटायला येत होती. नवव्या कलमापाशी मात्र त्या थांबल्या. तिथे एकच वाक्य होतं: 'पुळणीच्या बाजूस रुंदीकरण करण्यात येऊ नये.'

पुळण म्हणजे भरतीच्या रेषेच्या वर पसरलेली कोरडी वाळू. होड्या तिथेच ओढून ठेवतात, मासळी तिथेच सुकत घालतात. हा शब्द शेवटचा कधी ऐकला होता ते त्यांना काही केल्या आठवेना. त्यांनी शेजारचं इंग्रजी पान उघडलं. तिथे कंपनीने लिहिलं होतं की पुलाजवळ रुंदीकरण करू नये. त्याच्या समासात अभियंत्याची टीप होती की या भागात पूल नाही, सबब ही अट लागू होत नाही. आणि शेवटी घडी घालून ठेवलेला नकाशा होता. त्यांनी तो टेबलावर पसरला. वाढीव साडेतीन मीटर सगळेच्या सगळे समुद्राच्या बाजूला आखलेले होते.

चहा तसाच निवला.

संध्याकाळी घरी त्यांनी लेकीला विचारलं. केतकी गुडगावला नोकरीला होती, दिल्लीतच वाढलेली. पुळण हा शब्द तिने जन्मात ऐकला नव्हता. तिने तो फोनमध्ये टाकून भाषांतर मागवलं आणि स्क्रीन आईपुढे धरला. "आई, हे तर ब्रिज सांगतंय यार. बिल्कुल कॉन्फिडन्सने."

म्हणजे कंपनीतल्याही कुणीतरी हेच केलं होतं. राजाभाऊंनी चष्मा काढला आणि म्हणाले की मग उद्या जाऊन दुरुस्त कर, त्यात एवढा विचार कसला. पण कुमुदिनीबाईंना वेगळीच शंका खात होती. त्यांच्या वेंगुर्ल्यात पुळण म्हणजे वाळू, पण सोनवेळ पडलं उत्तरेकडचं गाव. तिथे पुळण नावाची एखादी वाडी असली तर? एखादं देऊळ असलं तर? इतक्या वर्षांत त्यांनी अंदाजाने कधी शब्द बसवला नव्हता, आणि आता आपल्याच भाषेत तो बसवायचा म्हणजे त्यांना कसंसंच वाटत होतं.

बुधवारी सकाळी त्यांनी ठरावावरच्या नंबरवर फोन लावला. दिल्लीहून बोलतेय, एवढं म्हटल्याबरोबर पलीकडच्या गृहस्थांनी फोन ठेवला. दुसऱ्यांदा लावला तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं की माझं कुठलंही पार्सल अडकलेलं नाही, माझा मुलगा परदेशात नाही आणि ओटीपी मी बायकोलासुद्धा सांगत नाही. पुन्हा फोन बंद. तिसऱ्या वेळी कुमुदिनीबाईंनी स्वतःची ओळख दिलीच नाही.

"तुमच्याकडे पुळण कशाला म्हणतात हो?" त्यांनी विचारलं.

या वेळी फोन बंद झाला नाही. मग ते गृहस्थ म्हणाले, "तुम्ही खरंच दिल्लीहून बोलताय?"

"दिल्लीहूनच. पण मूळची वेंगुर्ल्याची."

"मग तुम्हाला पुळण ठाऊक असायला हवी, मॅडम."

ते नगरपंचायतीतले वरिष्ठ लिपिक मुकादम होते. ठराव त्यांनीच टाइप केलेला. एकदा खात्री पटल्यावर मात्र माणूस भडाभडा बोलायला लागला. वाळूच ती, दुसरं काही नाही. आणि ते नववं कलम म्हणजे सगळ्या ठरावाचा जीव होता. रस्त्याचा विषय तीनदा सभेपुढे आला, तीनदा गोंधळ झाला. पर्यटकांच्या गाड्या अडकतात, रस्ता हवा हे सगळ्यांनाच मान्य. पण समुद्राकडे वाढवला तर होड्या कुठे ठेवायच्या, आणि वाडीकडे वाढवला तर लोकांची अंगणं जायची. मासळीवाल्या बायका टोपल्या घेऊन सभागृहाच्या दारात बसल्या, तर सदस्यांना मागच्या दाराने आत यावं लागलं. शेवटी वाडीतल्या एकोणीस घरांनी लिहून दिलं की आमच्या अंगणातली अकरा फूट जागा घ्या पण वाळूला हात लावू नका. तेव्हा कुठे सतरापैकी नऊ हात वर झाले.

कुमुदिनीबाईंनी पुलाचा घोटाळा सांगून समुद्राकडे आखलेल्या नकाशाविषयी विचारलं. मुकादम म्हणाले की नकाशा अजून गावाला कुणी दाखवलेलाच नाही. दिल्लीची मंजुरी आली की दाखवतो, असं कंपनीची माणसं म्हणाली होती.

त्या एकोणीस घरांचं संमतीपत्र फाइलमध्ये नव्हतं. मुकादमांनी ते अर्ध्या तासात पाठवलं आणि त्यामागोमाग दोन मिनिटांचा एक व्हिडिओ. कार्यालयातून निघून ते चालत रस्ता ओलांडून गेले होते. वाऱ्याने आवाज फाटत होता. रांगेने ओढून ठेवलेल्या होड्या, वाळूवर पसरलेले बांगडे, ते उलटेपालटे करणाऱ्या दोघी बायका, आणि त्यांच्यावर नजर ठेवून बसलेलं एक कुत्रं. एक बाई कॅमेऱ्याकडे बघून काय शूटिंग करताय म्हणून विचारते, तिथे व्हिडिओ संपत होता. कुमुदिनीबाईंनी तो चार वेळा पाहिला. चौथ्या वेळी आवाज बंद करून, कारण शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले होते.

भारद्वाजांना हे सगळं ऐकून मुळीच आनंद झाला नाही. माणूस वाईट नव्हता. पण मार्चच्या आत निधी खर्ची पडला नाही तर वरून विचारणा होणार होती, आणि फाइल त्यांनी चार खात्यांतून फिरवून इथवर आणली होती. ते म्हणाले की असं करू, 'कंपनीने दिलेल्या अनुवादानुसार' असं लिहून सही करा. तुमच्यावर काही येणार नाही. एका शब्दासाठी सगळं थांबवायचं का?

कुमुदिनीबाई स्वभावाने भांडखोर नव्हत्या. ऑफिसात आवाज चढवल्याचं त्यांना आठवत नव्हतं, तो त्यांनी आताही चढवला नाही. "सर, चुकलेला शब्द एकच आहे," त्या म्हणाल्या, "पण गावाने घातलेली अटही तेवढी एकच आहे." मग त्यांनी स्वतः केलेला अनुवाद, संमतीपत्राची प्रत आणि अर्ध्या पानाची टीप समोर ठेवली, आणि शिक्का पर्समध्ये टाकून जेवायला गेल्या. जेवण काही गेलं नाही. निवृत्तीला दीड वर्ष उरलं असताना हे आपण काय करून बसलो, असं वाटत होतं. राजाभाऊंना फोन केला तर ते म्हणाले, टीप लेखी दिलीस ना, मग पोळी खा.

भारद्वाजांनी बोलणं टाकलं, पण टीप फाइलला लावली. शुक्रवारी साडेअकराला शिपाई धावत आला. समितीने अनुवादकाला बोलावलं होतं.

त्या खोलीत कुमुदिनीबाई याआधी कधी गेल्या नव्हत्या. लांबलचक टेबल, चौदा माणसं, आणि मधे अध्यक्षबाई, केरळातल्या कण्णूरच्या. त्यांनी विचारलं की नेमका घोटाळा काय आहे. कुमुदिनीबाईंनी सांगितलं. कंपनीच्या अभियंत्याने मुद्दा मांडला की समुद्राच्या बाजूला जागा मोकळीच आहे, वाडीच्या बाजूला जमीन संपादन करत बसावं लागेल, दोन वर्षं जातील. त्यावर कुमुदिनीबाईंनी एकोणीस सह्यांचा कागद पुढे सरकवला. संपादन करायचंच नाहीये, त्या म्हणाल्या, लोकांनी जमीन आधीच देऊ केली आहे. ती घ्यायला फक्त कुणी गेलं नाही.

अध्यक्षबाईंनी कागद वाचला. मग चष्म्यावरून बघत विचारलं की या शब्दाला इंग्रजीत तुम्ही काय म्हणाल. कुमुदिनीबाईंनी आपल्या अनुवादातली ओळ वाचून दाखवली. भरतीरेषेच्या वरची, होड्या ठेवायची कोरडी वाळू. एका शब्दाला सव्वा ओळ लागली होती. अध्यक्षबाई हसल्या. आमच्याकडेही याला वेगळा शब्द आहे, असं म्हणून त्यांनी तो स्वतःशीच पुटपुटला, आणि फाइलवर लिहिलं की नवा नकाशा करून, गावाला दाखवून, मग परत आणावा.

त्या वर्षीचा निधी अर्थातच हुकला. भारद्वाजांना विचारणा झाली, त्यांनी उत्तर दिलं, आणि ते उत्तर हिंदीत करायला कुमुदिनीबाईंकडेच आलं. त्यांनी ते फार काळजीपूर्वक, भारद्वाजांची बाजू नीट दिसेल असं केलं. त्यानंतर ते पुन्हा बोलायला लागले.

नवा नकाशा जूनमध्ये सोनवेळला गेला. कंपनीने हिशेब करून सांगितलं की आठ मीटरचा रस्ताही पुरेसा आहे. नगरपंचायतीने पुन्हा मंजुरी दिली आणि या वेळी सतरापैकी पंधरा हात वर झाले. ऑक्टोबरात दिल्लीचं मंजुरीपत्र निघालं. त्याच आठवड्यात मुकादमांचा फोन आला. इतक्या महिन्यांत मॅडमची ताई झाली होती. रस्ता मंजूर झाला, ताई, म्हणाले, वाळू आहे तिथेच राहिली, बायकांनी कार्यालयात सगळ्यांना खाजा वाटला.

मग सहज बोलल्यासारखं म्हणाले, "सोमवारी माझं अंगण मोजायला येतात."

त्या एकोणीस सह्या कुमुदिनीबाईंनी कितीदा तरी वाचल्या होत्या, पण घर मुकादमांच्या वडिलांच्या नावावर होतं आणि सही वडिलांची, उर्दूत. ती त्यांना कधी वाचता आलीच नव्हती. कंपनीचा पुलाचा घोटाळा तसाच राहिला असता तर या माणसाचं अंगण शाबूत राहिलं असतं, आणि हे त्याला पहिल्या फोनपासून माहीत होतं.

"तुम्ही तेव्हा बोलला नाहीत," त्या म्हणाल्या.

"बोललो असतो तर तुम्हाला लिहायला जड गेलं असतं." मुकादम म्हणाले. "आणि आमच्या बाबांनी सभेत उभं राहून शब्द दिलाय, ताई. तो मी दिल्लीतून खोडून घेऊ का? बरं, आठ मीटर झाला म्हणून आठच फूट जाणार. चिकूचं झाड वाचलं."

फोन ठेवल्यावर त्यांनी राजाभाऊंना सगळं सांगितलं. ते म्हणाले की जानेवारीत सोनवेळला जाऊन येऊ, तिकिटं मी बघतो. आणि ती त्यांनी खरोखरच काढली. केतकीचंही काढलं, तिला न विचारता.

इकडे भारद्वाजांनी एक परिपत्रक काढलं की यापुढे मराठीतला प्रत्येक कागद आधी श्रीमती रेडकर यांच्याकडे जाईल. काम वाढलं, पगार वाढला नाही. पंधरा दिवसांत गोंदियाकडच्या एका ग्रामपंचायतीचा ठराव आला. कुमुदिनीबाईंनी चहा मागवला, खुर्ची वळवली आणि वाचायला घेतला, तर दुसऱ्याच ओळीत 'बोडी खोल करण्यास मंजुरी' असं लिहिलेलं. बोडी म्हणजे काय, याचा त्यांना काडीचाही पत्ता नव्हता. त्यांनी कागदाच्या वरच्या कोपऱ्यात छापलेला नंबर शोधला आणि फोन उचलला.