करडईचा रंग

"हात ढिला सोडा, मावशी. भांडायला आलात का?"

सुई टोचण्याआधी आमचे रक्त काढणारे चाचा हे प्रत्येकीला म्हणत. समोर पुरुष असला तर मावशीऐवजी काका, बाकी वाक्य तेच. माणूस हसे, मूठ सैल होई आणि तेवढ्यात सुई आत गेलेली असे.

औरंगपुऱ्यात दुसऱ्या मजल्यावर आमचं रक्त घेण्याचं केंद्र होतं. म्हातारपणी स्नायू झिजतात. ताकद जाण्याआधीच त्याची खूण रक्तात दिसते का, हा अभ्यासाचा विषय. स्नायूंतून मायक्रोआरएनए नावाचे बारीक रेणू रक्तात येतात, ते मोजायचे. इमारतीला लिफ्ट नव्हती. त्यामुळे ज्यांचे स्नायू खरोखर झिजले होते ती माणसं खालूनच परत जात. फॉर्म भरणारा मी आणि अभ्यास आखणारे विद्वान, कुणालाच यात काही वावगं दिसलं नाही. चाचांना दिसलं. ते ट्रे घेऊन खाली उतरत आणि रिक्षात बसलेल्या म्हाताऱ्यांचं रक्त तिथंच घेत. चढून आलेल्यांना मात्र आधी अर्धा तास बसवत. "जिना उतरू द्या अंगातून."

रक्ताची नळी यंत्रात फिरवली की तांबड्या पेशी तळाला बसतात, वर पिवळसर पाणी राहतं. चाचा नळी खिडकीशी नेत, मागे पांढरा कागद धरत आणि एक डोळा मिटून बघत. त्यांचे निकाल दोनच. करडईच्या तेलासारखा पिवळा दिसला तर "करडई", म्हणजे पास. पेशी फुटून लाली वर आली असेल तर "गुलाब", म्हणजे रद्द. फुटलेल्या पेशी आपलेच रेणू त्यात ओततात आणि मोजमाप बिघडतं. मला त्यांनी ते असं समजावलं होतं: "शेजारी लग्नाचा बँड लागलाय. तुमच्या घरात कोन कन्हतंय, ऐकू येनार का?"

उद्घाटनाला संस्थेच्या अध्यक्षांनी स्वतःचं रक्त द्यायचं ठरवलं. शाल झाली, नारळ झाला, दंडाला रबरी पट्टा बांधून झाला. मग फोटोग्राफर म्हणाला, तसेच थांबा. अध्यक्ष थांबले. सुई आत, मान कॅमेऱ्याकडं. फोटो पाच निघाले; पट्टा तेवढा वेळ आवळलेलाच, आणि त्यानं पेशी फुटतात. नळी फिरवल्यावर चाचा खिडकीशी गेले. "गुलाब."

प्रकल्पप्रमुख हळूच म्हणाले, "चाचा, पहिलाच नमुना आहे. राहू द्या."

"शाल राहू द्या, सर. नमुना नाय."

म्हणून आमच्या अभ्यासाची मोजणी दोनपासून सुरू झाली. एक नंबरापुढं चाचांच्या वळणदार अक्षरात "गुलाब" आहे. अध्यक्षांचा फोटो भिंतीवर आहे.

दुसऱ्या वर्षी जेवायच्या वेळी चाचा आपला डबा माझ्याकडं सरकवू लागले. "उघडा जरा, हात धुतलेत माझे." हात रोजच कसे धुतलेले असतात, हा प्रश्न मला पडायला आठवडा लागला. मग त्यांचा उजवा अंगठा नीट पाहिला. त्याखालचा मांसल उंचवटा बसत चालला होता.

"नस दबलीय म्हने," चाचा म्हणाले. "त्याच्यामागं स्नायू सुकतोय. सरांना बोलू नका. तीस वर्षं सुई धरली, दुसरं काय येत नाय मला."

टेबलावर मुठीची ताकद मोजायचं यंत्र पडलेलं होतं. मी ते त्यांच्याकडं सरकवलं.

"ते पब्लिकसाठी आहे," म्हणत त्यांनी भाकरी मोडली. डाव्या हातानं.

मी सरांना बोललो नाही.

बिडकीनची एक आजी दर तीन महिन्यांनी यायची. शिरा दोऱ्यासारख्या, आणि चाचांखेरीज कुणाला, केंद्रातल्या सिस्टरांनाही, हात लावू देत नसे. त्या दिवशी सुई शिरेत गेली, पण अंगठा डगमगला. चाचांनी सावरलं, नळी भरली. आजीला काही कळलंही नाही. नंतर ते खिडकीशी गेले आणि बराच वेळ तिथंच राहिले.

मी शेजारी जाऊन पाहिलं. लाली होती, पण अगदी पुसट. "पिवळाच आहे की, चाचा. कुणाच्या लक्षात येणार?"

"उद्घाटनाला तुम्ही असं बोलला नाय."

रजिस्टरात त्यांनी "गुलाब" लिहिलं. अक्षर आता वळणदार नव्हतं. मग आजीपुढं जाऊन उभे राहिले. "आजी, माझा हात चुकला. रक्त पुन्हा द्यावं लागंल. ह्या सिस्टर घेतील."

"त्या कशाला? तूच घे की रं. मला काय दुखलं नाय."

"तुम्हाला नाय दुखलं, आजी," चाचा म्हणाले आणि ट्रे सिस्टरांकडं दिला. संध्याकाळी सरांना त्यांनी अंगठ्याचं स्वतःच सांगितलं आणि काम सोडलं.

दोनेक महिन्यांनी ते पुन्हा जिना चढून आले आणि समोरच्या खुर्चीत बसले. अभ्यासाच्या अटीत वय बसत होतं, मी फॉर्म भरला. मुठीचं यंत्र त्यांनी न सांगता उचललं, दाबलं, आकड्याकडं न बघता परत दिलं. अर्धा तास बसले. सिस्टर सुई घेऊन आल्या तर चाचांची मूठ गच्च आवळलेली.

"हात ढिला, चाचा. भांडायला आलात का?"

चाचा हसले. तेवढ्यात सुई आत गेली होती.

"यातून काय निघंल?" त्यांनी मला विचारलं.

खोटं बोलणं शक्य नव्हतं. एकेकट्या माणसाला सांगावं इतका त्या आकड्यांचा अर्थ अजून कुणालाच लागलेला नाही. तसं मी सांगितलं.

"मग रंग तरी बघू द्या."

यंत्र थांबेपर्यंत ते बसून राहिले. सिस्टरांनी नळी दिली. एका हातात ती ठरेना, म्हणून चाचांनी दोन्ही हातांनी धरली आणि खिडकीशी नेली. कागद धरायला हात उरला नव्हता. मी मागे पांढरा कागद धरला. त्यांनी एक डोळा मिटला.

"करडई," ते म्हणाले.