पहारवाले गुरुजी

जड वस्तू दिसली की ज्याचा चेहरा खुलतो, असा माणूस कोल्हापुरात मी एकच पाहिला. पैलवानांच्या गावाविषयी असं लिहिणं धाडसाचं आहे. पण पैलवान खूश होतो तो ती वस्तू आपण उचलणार म्हणून. आमच्या शाळेतले सामान्य विज्ञानाचे गुरुजी खूश होत ते ती आपल्याला फारशी उचलावीच लागणार नाही म्हणून. चिखलात रुतलेली उसाची गाडी असो, कुणाच्या दारातली शिळा असो की लग्नघरातला पाण्याने भरलेला हंडा, गुरुजी आधी तिच्याभोवती एक फेरी मारत, मग उकिडवे बसून बुडाशी बघत आणि समाधानाने म्हणत, "कुटनं तरी फट असंलच की!"

त्या फटीसाठी ते रोज घरून एक लोखंडी पहार घेऊन येत. धोतर, काळा कोट, डोक्याला फेटा, एका हातात हजेरीपट आणि खांद्यावर पहार, अशा थाटात ते गल्लीतून निघाले की कट्ट्यावर बसलेल्यांपैकी कुणीतरी विचारायचंच, "काय गुरुजी, आज कुणाचं घर फोडाय निगालासा?" गुरुजी न थांबता उत्तर देत, "तुजंच फोडलं असतं, पर आत काय गावायचं न्हाय." मुलांनी त्यांना पहारवाले गुरुजी हे नाव ठेवलं होतं आणि ते त्यांना पदवीसारखं आवडत असे.

मी त्या शाळेत आले ती एका बाईंच्या रजेच्या जागी, तिसरीला गणित शिकवायला. माझं सगळं शिक्षण डोंगरावरच्या कॉन्व्हेंटमध्ये झालेलं. घरात मराठी बोलत असे, पण चारचौघांत बोलायचं झालं की वाक्य ओठांपर्यंत येऊन परत जाई. गणितात फार बोलावं लागत नाही, असा माझा समज होता. माझी तिसरी आणि गुरुजींची चौथी यांच्यामध्ये बांबूचा एक तट्ट्या होता, त्यामुळे त्यांचं विज्ञान मला फुकट ऐकायला मिळे, आणि फटीतून दिसेही. माझी मुलंही पाढे म्हणता म्हणता त्या फटींकडे सरकत. मी त्यांना रागावत नसे, कारण मीही सरकत असे.

गुरुजींचा एक नियम होता. कुठल्याही गोष्टीचं नाव ते मुलांना आधी सांगत नसत. आधी ती गोष्ट करायची, घाम यायला हवा, मग नाव. हेडमास्तर एकदा म्हणाले, "अहो, निदान व्याख्या तरी पाठ करून घ्या." तर गुरुजी म्हणाले, "सर, पोरगं व्हायच्या आदी बारसं घालतासा व्हय?" त्यांची उतरण म्हणजे शाळेच्या पायऱ्यांवर टाकलेली फळी आणि तिच्यावरून वर ढकललेलं धान्याचं पोतं, कप्पी म्हणजे मागच्या विहिरीवरचा रहाट, पाचर म्हणजे सुताराकडून मागून आणलेला लाकडाचा तुकडा, जो त्यांनी चौथीच्या वर्गातल्या कपाटाखाली ठोकला आणि मग काही केल्या निघेना. ते कपाट पुढे कायम जरा तिरकंच राहिलं. एका लग्नात पानाचं तबक पुढे आलं, तेव्हा त्यांनी अडकित्ता उचलला आणि सुपारी टोकाशी धरली तर कातरत नाही, बिजागरीशी सरकवली की कटकन फुटते, हे वरपक्षाला करून दाखवायला सुरुवात केली. तबकातली सुपारी संपली तेव्हाच ते थांबले. पाहुणे नुसतंच पान खाऊन घरी गेले.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो पैलवानाचा दिवस. जवळच्या तालमीतला एक आडदांड पैलवान गुरुजींनी गोड बोलून वर्गात आणला. वर्गाच्या मधोमध वरवंटा आडवा ठेवला, त्यावर लांब फळी टाकली आणि वरवंट्याजवळच्या आखूड बाजूला पैलवानाला बसवलं. मग वर्गातली सर्वांत किडकिडीत पोर, शेवंता, तिला लांबच्या टोकाला बसायला सांगितलं. शेवंता दहा वर्षांची. वाऱ्याने उडेल म्हणून तिची आई तिला दप्तर जड करून देते, असं मुलं चिडवत. ती भीत भीत टेकली आणि पैलवान हळूच जमिनीवरून वर गेला. वर्ग ओरडला. पैलवानाचा चेहरा मात्र रडवेला झाला. "गुरुजी," तो वरूनच म्हणाला, "तालमीत कुणाला सांगू नगासा."

मग गुरुजी तट्ट्यापाशी आले आणि फटीला तोंड लावून म्हणाले, "बाई, ह्या वरवंट्याला तुमच्या इंग्रजीत काय म्हणत्यात?"

"फल्क्रम," मी म्हटलं. मराठीत बोलावं लागलं नाही म्हणून मला बरंच वाटलं.

"फल्क्रम! पैलवानाला शोभंल असं नाव हाय." त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. त्यानंतर रोज एक तरी शब्द ते तसाच मागत. मी शाळेत आठवडाभरात जेवढं बोलत असे, त्यातलं अर्धं त्या फटीतून. पण एक गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नाही. तो शब्द मला अकराव्या वर्षापासून पाठ होता. तो कशाचं नाव आहे हे मला त्या दिवशी कळलं.

संस्थान विलीन होऊन दोन-तीन वर्षंच झाली होती. गुरुजींची नेमणूक संस्थानातली, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट नाही. नव्या इन्स्पेक्टरसाहेबांनी चांगला शेरा दिला तर चौथी त्यांच्याकडे राहणार, नाहीतर त्यांना शिरोळकडच्या एखाद्या खेड्यात बिगरीच्या, म्हणजे पहिलीच्याही आधीच्या, पोरांना अक्षरं गिरवायला धाडणार, हे साऱ्या शाळेला माहीत होतं. व्याख्या पाठ करून घ्या म्हणून हेडमास्तर आठवडाभर मागे लागले होते. गुरुजी म्हणत, "इचारू द्या की सायबांना. पोरं दाखवतील."

साहेब आले. त्यांच्यासाठी चौथीत हेडमास्तरांची हातांची खुर्ची मांडली, चहा आणला. मदतीला म्हणून मला मागे उभं केलं होतं. साहेबांनी कपबशी हातात घेतली आणि नेमकं शेवंतालाच विचारलं, "बाळ, तरफ म्हणजे काय?"

शेवंता उठली. तिने गुरुजींकडे पाहिलं, गुरुजींनी मान हलवली. मग ती वर्गात जड काय आहे ते शोधू लागली. कपाटाखाली पाचर होती. बाकी वर्गात जड असं एकच होतं. ती कोपऱ्यातून पहार ओढत घेऊन आली, दाराचा अडणीचा दगड पायाने सरकवला, साहेबांच्या खुर्चीमागे गेली, पहारीचं टोक दगडावरून खुर्चीखाली घातलं आणि आम्हाला कुणाला काही उमगायच्या आत पहारीच्या लांब टोकावर सगळी लोंबकळली.

साहेब खुर्चीसकट पुढे कलले. चहा शेऱ्याच्या कागदावर सांडला. वर्गाने टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात गुरुजींनी.

साहेब उठले, धोतर झटकलं. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "हे विज्ञान?" आणि मग माझ्याकडे वळून, "तुम्ही कॉन्व्हेंटच्या ना? तुम्हीच सांगा. तरफ अशी शिकवतात?"

गुरुजींनीही माझ्याकडे पाहिलं. घाबरून नव्हे, आपला हक्काचा साक्षीदार आला की माणूस बघतो तसं, हसून. मला म्हणायचं होतं की हो, अशीच शिकवतात, मला अशी कुणी शिकवली नाही म्हणून सांगते. वाक्य ओठांपर्यंत आलं. सगळे बघत होते. वाक्य परत गेलं, आणि त्याच्या जागी तरफेची व्याख्या बाहेर पडली, पुस्तकातली, इंग्रजीतून, एका दमात, एकही शब्द न चुकता.

"शाब्बास," साहेब म्हणाले. "असं आलं पाहिजे."

शेरा काय पडला हे कुणी मोठ्याने वाचलं नाही. गुरुजींची बदली झाली. निरोपाच्या दिवशी ते तट्ट्यापाशी आले. मी डोळे वर केले नाहीत. "बाई, त्या दिशी इंग्रजी लई झ्याक बोल्लासा," ते म्हणाले. "मला वळख लागली ती निस्ती फल्क्रमची." त्यात टोमणा असता तर मला सोसला असता. तो नव्हता.

जूनमध्ये रजेवरच्या बाई परत आल्या, आणि चौथी मला मिळाली. साहेबांचीच शिफारस होती. माझ्या मुलांना व्याख्या सुरेख येत. एके दिवशी हेडमास्तरांनी ते तिरकं कपाट हलवायला दोन गडी बोलावले. ते दोघे ढकलून दमले, कपाट तसूभर सरकेना. मुलं हाताची घडी घालून बघत बसली होती. वार्षिक परीक्षेत अडकून पुन्हा चौथीतच राहिलेली शेवंता कोपऱ्याकडे बघत होती. भिंतीवर तिथे गंजाचा एक तांबडा ओरखडा होता.

"शेवंता," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "पहार आण."

"ती गुरुजींनी न्हेली की, बाई," ती म्हणाली. मग मला समजावत असल्यासारखं, "त्येंचीच हुती न्हवं."